फेंडर ४००: पाय उचलल्यावर सूर मूळ जागी का येत नाही

फेंडर ४०० ही जुनी पेडल स्टील गिटार, म्हणजे पायांवर आडवी उभी करून वाजवायची आणि पायाने दाबायच्या पेडलांनी तारांचा सूर बदलणारी गिटार, मी दुरुस्त करतो आहे. फ्रेमची सफाई आटोपून गिटार पुन्हा चार पायांवर उभी राहिली, तारा चढल्या आणि तिचे खरे दुखणे समोर आले. पेडल दाबले की तिसऱ्या तारेचा सूर अचूक चढतो. पण पाय उचलल्यावर ती तार मूळ सुरावर न येता सुमारे आठ सेंट (एक सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) चढीच राहते. उलट सहाव्या तारेचा सूर पेडलने उतरवून सोडला, तर ती किंचित उतरलेली राहते. दोन्ही दोष वरवर सारखे वाटले तरी त्यांची कारणे वेगळी आहेत, आणि जुन्या यंत्रणेत कुठे हात घालायचा हे चूक कोणत्या दिशेला आहे त्यावरूनच कळते.

अमेरिकेत वाद्ये घडवणारे पॉल बिग्सबी यांनी १९४८ मध्ये वादक स्पीडी वेस्ट यांच्यासाठी पेडल असलेली स्टील गिटार घडवली. पुढे १९५४ साली गाजलेल्या कंट्री गायक वेब पिअर्स यांच्या एका ध्वनिमुद्रिकेत बड आयझॅक्स यांनी तार वाजत असतानाच पेडल दाबून स्वर सरकवला, आणि प्रत्येक वादकाला तसे वाद्य हवेसे झाले. फेंडर कंपनीने १९५७-५८ च्या सुमारास १००० आणि ४०० ही मॉडेल्स काढली. त्यांपैकी ४०० ला एकच नेक (तारांची एकच पट्टी) आणि आठ तारा आहेत, आणि पेडलची ओढ तारेपर्यंत पोलादी केबल व पुलीमार्फत पोहोचते. फ्लाइंग बरिटो ब्रदर्स या अमेरिकन कंट्री-रॉक बँडचे स्नीकी पीट क्लाइनो याच मॉडेलवर वाजवत.

घोडीपाशी, म्हणजे तारा जिथे टेकतात त्या एका टोकाच्या आधारापाशी, प्रत्येक तारेसाठी एक डुलती तरफ असते. केबलने ती एका दिशेला ओढली की तार ताणली जाते आणि सूर चढतो. दुसऱ्या दिशेला झुकली की तार सैल होऊन सूर उतरतो. चढवलेला सूर परत आणताना तारेचा स्वतःचा ताण मदतीला येतो, मात्र उतरवलेला सूर परत आणताना त्याच ताणाविरुद्ध स्प्रिंगला झगडावे लागते. म्हणून सूर चढा राहिला तर मी आधी घर्षण शोधतो आणि उतरा राहिला तर स्प्रिंगकडे वळतो.

तिसऱ्या तारेची केबल आकड्यातून काढून तरफ बोटाने हलवून सोडली, तेव्हा सूर बिनचूक परतला. याचा अर्थ घोडी आणि नट (तारांच्या दुसऱ्या टोकाचा आधार) निर्दोष होते, आणि अडथळा केबलच्या वाटेवर होता. पुली काढून पाहिली, तर आसावर जुने ग्रीस वाळून तपकिरी लाखेसारखे घट्ट बसले होते आणि केबलचे दोन धागे तुटून पुलीच्या खाचेत घासत होते. आस नॅफ्था या द्रावकाने पुसून त्यावर शिलाई मशीनच्या तेलाचा एकच थेंब सोडला. केबलच्या जागी सायकलच्या गिअरची आतली तार घातली आणि ती रात्रभर वजन लावून ठेवली, कारण नवी केबल सुरुवातीला ताणत राहते आणि तोवर केलेली जुळणी वाया जाते. आता फरक एका सेंटच्या आत आला आहे.

सहाव्या तारेची स्प्रिंग थकलेली निघाली. इथे जास्त कडक स्प्रिंग घालण्याचा मोह आवरावा लागतो, कारण ती सूर नक्की परत आणते, पण पेडल इतके जड होते की अर्धे दाबून मींड काढणे अशक्य होऊन बसते, आणि या वाद्याचा जीव त्या मींडेतच आहे. मूळ स्प्रिंग एका आकड्याने (हुकाने) थोडी अधिक ताणून बसवल्यावर काम झाले, आणि ती जुनी स्प्रिंग वाद्यातच राहिली याचे मला मनापासून समाधान आहे. पूर्ण यंत्रणा काढून नवीन बसवा, असा सल्ला वारंवार मिळतो. मला तो पटत नाही. तसे केल्यास उरते ते केवळ फेंडरचे खोके.

राहिला प्रश्न सांगाड्याच्या लवण्याचा. पेडल दाबल्यावर वाढलेल्या ताणाने सांगाडा वाकतो आणि न दाबलेल्या तारासुद्धा किंचित उतरतात. पहिली तार सध्या तीन सेंट उतरते. पायांचे आटे घट्ट करून पुन्हा मोजणार आहे. त्यानंतरच आवाज न देणाऱ्या पिकअपच्या (तारांची कंपने विद्युत संकेतात बदलणाऱ्या भागाच्या) तुटलेल्या गुंडाळीला हात लावेन.