तुम्ही विचारलंत म्हणून : भर वैशाखात कसले पक्षी बघता?

"थंडी संपली, पाहुणे पक्षी परत गेले, मग ऐन वैशाखात दुर्बीण गळ्यात अडकवून तुम्ही बघता तरी काय?" हा प्रश्न मला दर वर्षी मे महिन्यात कोणीतरी विचारतेच. विचारणारे बहुधा आंब्याच्या निमित्ताने मुंबई-पुण्याहून गावी आलेले आप्त असतात. प्रश्नात थोडी चेष्टा असली तरी तो अस्थानी नसतो, कारण कोकणातले पक्षिनिरीक्षण म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे हिवाळी किनाराच येतो. आंजर्ले-हर्णैच्या वाळूवर उतरलेले कुरवांचे थवे आणि खाडीच्या चिखलात लगबगीने फिरणाऱ्या तुतारी व चिखल्या नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत दिसतात, आणि त्यांच्यासाठी लांबून माणसे येतात. एप्रिल सरेपर्यंत ही वर्दळ जवळजवळ थांबते आणि किनारा रिकामा झाला असा समज होतो.

त्यावरचे माझे उत्तर असे की, हिवाळ्यात आपण इथे येणारे पक्षी मोजतो आणि उन्हाळ्यात इथे जन्मणारे. दुसरे काम संथ आहे, उन्हाचे आहे आणि त्यातून दिवसाकाठी एखादी नोंद हाती लागली तरी पुष्कळ. परंतु एखादा पक्षी कोकणाचा आहे असे ठामपणे म्हणायचे असेल, तर त्याचे घरटे, अंडी किंवा पिल्ले इथे आढळल्याचा पुरावा लागतो. तो नुसता दिसला एवढ्यावर भागत नाही.

हा भेद बारकाईने सांगण्याचे कारण, तो उन्हाळ्यातच सर्वांत अधिक फसवा ठरतो. मे महिन्यात खाडीच्या तोंडाशी चार-दोन चिखल्या फिरताना दिसल्या की "या आता इथेच अंडी घालणार" असे अनुमान सहज निघते. प्रत्यक्षात त्यांतल्या बहुसंख्य चिखल्या आदल्या वर्षी उत्तरेत जन्मलेल्या, अजून विणीच्या वयात न आलेल्या असतात. जिथे अंडी घालायची नाहीत तिथवर हजारो किलोमीटर उडून जाण्याचे त्यांना प्रयोजन नसते, म्हणून त्या आपला फिकट हिवाळी पिसारा अंगावर ठेवून इथेच उन्हाळा काढतात. तसाच प्रकार वादळी पक्ष्यांचा. पावसाच्या तोंडावर समुद्र खवळला की खोल समुद्रावर राहणारे बूबी, फ्रिगेट आणि काळपट सुरय थकून किनाऱ्यावर येऊन पडतात. वर्तमानपत्रांत त्यांची छायाचित्रे छापून येतात आणि ती नोंद मोलाचीही असते. पण तिचा या किनाऱ्यावरील विणीशी काही संबंध नसतो.

मग पुरावा कशाला म्हणायचे? गाणारा नर हा केवळ संशय. जोडी एकाच ठिकाणी पुन्हा पुन्हा दिसणे, ही शक्यता. चोचीत काडी किंवा मुळांचे तंतू घेऊन जाणारा पक्षी घरटे बांधतो आहे असे मानता येते. मात्र काही पक्षी अर्धवट बांधून सोडून देतात, हे ध्यानात ठेवावे लागते. चोचीत अळी धरून, ती स्वतः न गिळता, सतत एकाच झुडपाकडे जाणारा पक्षी पाहिला की बहुतेक काम झाले. मला सर्वांत विश्वसनीय वाटणारी खूण मात्र वेगळीच आहे, आणि ती सांगितली की पाहुणे तोंड वाकडे करतात. अनेक लहान पक्ष्यांची पिल्ले आपली विष्ठा पातळ पांढऱ्या पिशवीत गुंडाळल्यासारखी टाकतात आणि आई-बाप ती चोचीत धरून घरट्यापासून लांब नेऊन टाकतात. ती पांढरी गाठोडी घेऊन उडणारा पक्षी दिसला, तर घरटे डोळ्यांनी न पाहता, त्याच्या जवळही न जाता, आत पिल्ले आहेत असे निःशंक लिहिता येते.

उन्हाळ्यातले माझे सर्वाधिक तास जातात ते सड्यावर. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातल्या जांभ्या कातळाचे हे पठार पावसाळ्यात फुलांनी भरते, तेव्हा सर्वांना आठवते. मे महिन्यात त्याला "काय आहे तिथे, नुसता कातळ" असे म्हणून निकालात काढले जाते. याच कातळावर माळटिटवी वीण करते. गावाजवळच्या पाण्याकाठी ओरडणारी नेहमीची टिटवी डोळ्यांपुढे लाल मांसल गाठ असलेली. ही पिवळ्या गाठीची, डोक्यावर काळी टोपी असलेली आणि स्वभावाने पुष्कळ शांत. तिचे घरटे म्हणजे जांभ्याच्या खडीतला एक उथळ खळगा, कडेने दोन-चार खडे आणि त्यात बहुधा चार अंडी. अंड्यांचा मातकट रंग आणि त्यांवरचे काळपट ठिपके असे की हातभर अंतरावर उभे राहूनही दगड कोणता आणि अंडे कोणते हे ओळखता येत नाही.

दुपारी कातळ एवढा तापतो की अनवाणी पाय ठेववत नाही. अशा वेळी बसलेला पक्षी अंडी उबवत नसतो, तर त्यांना उन्हापासून वाचवत असतो. चोच उघडी टाकून, पंख किंचित सैल सोडून तो अंड्यांवर सावली धरतो. काही वेळाने उठतो, जवळपासच्या डबक्यात जाऊन पोटाची पिसे भिजवतो आणि ओल्या पोटाने परत येऊन अंड्यांवर बसतो. हे मी गडग्याच्या आडून, बऱ्याच अंतरावरून पाहिले आहे. भिजलेल्या पिसांच्या बटा झाल्यामुळे पक्षी गबाळा दिसतो, तो अंडी अंगाखाली घेतो आणि पुन्हा चोच वासून बसतो. त्याच दुपारी कोणी हौशी माणूस छायाचित्रासाठी दहा-पंधरा मिनिटे घरट्यापाशी रेंगाळला, तर पक्षी तेवढा वेळ दूर राहतो आणि अंडी उघड्यावर भाजून निघतात. सड्यावर गाडी घालून सूर्यास्त पाहायला येणाऱ्यांना चाकाखाली काय आले हे कळण्याचा मार्गच नसतो. गवताला लागणारे वणवे आणि दर वर्षी पुढे सरकणाऱ्या चिरेखाणी हे आणखी दोन शत्रू. माळटिटवीच्या शेजारीच मलबारी चंडोल आणि रातवा यांची घरटीही जमिनीवर असतात, म्हणजे एक वणवा एकाच वेळी कितीतरी नोंदी पुसून टाकतो. टिटवीने उंचवट्यावर अंडी घातली तर पाऊस जास्त, ही समजूत आमच्याकडे अजून ऐकायला मिळते. ती खरी असो वा नसो, तिच्यामुळे गुराख्यांचे लक्ष अंड्यांकडे जाते आणि मला माहिती मिळते, म्हणून मी तिच्याशी वाद घालत नाही.

सड्यावरून खाली उतरून देवराईत शिरले की काम निराळ्या तऱ्हेचे होते. गावात ज्याला सरसकट गरुड म्हणतात तो पक्षी पुष्कळदा धनेश असतो, आणि मलबारी कवड्या धनेशाची वीण साधारण माघ-फाल्गुनात सुरू होऊन पावसाच्या तोंडापर्यंत चालते. मादी जुन्या झाडाच्या ढोलीत शिरते आणि विष्ठा व चिखल यांनी ढोलीचे तोंड आतून लिंपून घेते. चोच बाहेर निघेल एवढी उभी फट तेवढी उरते. आत तिची उडण्याची पिसे गळतात, नवी येतात, अंडी फुटतात, पिल्ले वाढतात, आणि या साऱ्या काळात सर्वांचे पोट एका नरावर असते. तो वड, उंबर, पिंपळाची फळे घशात साठवून आणतो, फांदीवर बसून आधी चौफेर पाहतो आणि मग मान झटकत एकेक फळ घशातून चोचीच्या टोकाशी आणून फटीतून आत देतो. त्या नराला काही झाले तर आतल्यांची गत काय होईल, हे वेगळे सांगायला नको.

ही ढोल वापरात आहे की नाही हे ठरवण्यासाठी वर पाहण्याआधी मी खाली पाहतो. फटीतून बाहेर टाकलेल्या बियांचा आणि विष्ठेचा ओला थर झाडाच्या बुंध्याशी असला तर घरटे चालू आहे. थर वाळून त्यावर पाचोळा साचला असेल तर चिंता करावी. अशा ढोली होण्यासाठी झाड फार जुने असावे लागते, जुना बेहडा किंवा रायवळ आंबा. कोकणातले पुष्कळसे रान खासगी मालकीचे असल्यामुळे असे झाड उभे राहणे हे मालकाच्या मर्जीवर आणि गरजेवर अवलंबून असते. म्हणून ज्या वर्षी ढोल रिकामी राहिली, त्या वर्षीची नोंदही मी तेवढ्याच काळजीने करतो. "या वर्षी घरटे नाही" हे वाक्य लिहायला कोणाला उत्साह वाटत नाही. तरी झाड केव्हा तुटले आणि पक्षी केव्हा गेले हे पुढे त्यावरूनच कळते.

जुन्या नोंदींचे मोल मला समुद्री गरुडाने शिकवले. याला आमच्या किनाऱ्यावर काकण म्हणतात. जी. डब्ल्यू. विडाल या इंग्रज सनदी अधिकाऱ्याने १८८० साली दक्षिण कोकणातल्या पक्ष्यांची पहिली सविस्तर यादी प्रसिद्ध केली. आज आपण काकण वाढले वा घटले असे म्हणतो, तेव्हा मागे धरायला अशी एखादी यादी असावी लागते. काकणाचे घरटे आंबा, वड किंवा सुरू अशा उंच झाडावर, काड्यांचा मोठा ढीग रचून केलेले असते, आणि जोडी दर वर्षी त्याच ढिगावर नवी भर घालते. त्यामुळे एकच झाड वर्षानुवर्षे पाहता येते. मात्र त्याची वीण हिवाळ्यात सुरू होते आणि मे महिन्यापर्यंत पिल्ले बहुधा उडालेली असतात. उन्हाळ्यात पाहुण्यांना दाखवायला नुसता ढीग उरतो. म्हसळा-श्रीवर्धन भागातल्या पांढऱ्या पाठीच्या गिधाडांचेही वेळापत्रक बरेचसे असेच. मेलेल्या जनावरांच्या मांसातून गिधाडांचा जीव घेणाऱ्या डायक्लोफेनॅक या जनावरांच्या वेदनाशामक औषधावर २००६ साली बंदी आली खरी, परंतु गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडे घालते, तेव्हा तिथे प्रत्येक घरट्याची नोंद स्वतंत्रपणे ठेवणे भाग आहे.

सर्वांत अवघड नोंदी वेंगुर्ल्यासमोरच्या खडकांवरच्या. तिथल्या गुहांमध्ये भारतीय पाकोळी आपल्या लाळेने कपारीला चिकटवलेली घरटी करते, आणि त्या घरट्यांना बाजार असल्यामुळे ती चोरीला जाण्याचा इतिहास आहे. याच खडकांवर सुरय पक्ष्यांच्या विणीच्या जुन्या नोंदी आहेत. पक्षितज्ज्ञ हुमायून अब्दुलअली यांनी तिथल्या सुरय आणि पाकोळ्यांवर १९४२ साली लिहिले होते. पण मे महिन्याच्या अखेरीस समुद्र बिघडतो, १ जूनपासून मासेमारी बंद होते आणि होड्या वर ओढल्या जातात. तेव्हा तिकडे कोण जाणार? समुद्रावरच्या नोंदी विरळ असण्याचे एक कारण एवढे साधे आहे.

पहिल्या प्रश्नाच्या मागोमाग दुसरा येतोच: "मग आम्हांला एखादे घरटे दाखवा ना." मी नकार देतो आणि तो अनेकांना लागतो. जमिनीवरचे घरटे दाखवले की पायवाट पडते, आणि माणसाच्या वासावर कुत्रे व मुंगूस येतात. ढोल दाखवली की झाडाखाली कॅमेरे उभे राहतात आणि फळे घेऊन आलेला नर दूरच्या फांदीवर ताटकळत बसतो. मी तालुका सांगतो, महिना सांगतो, अधिवास सांगतो. झाड सांगत नाही. अनेक छायाचित्र स्पर्धा घरट्यांची चित्रे स्वीकारत नाहीत, ते मला योग्यच वाटते.

आंबे संपत आले की पाहुणे परततात, आणि नेमक्या त्याच दिवसांत दक्षिणेकडून तिबोटी खंड्या येऊन पोहोचतो. प्रवासाने थकलेला हा चिमुकला पक्षी कधी खिडकीच्या काचेवर आपटतो, कधी पडवीतून थेट माजघरात शिरतो. तसे झाले तर त्याला अंधाऱ्या, हवेशीर खोक्यात ठेवून, पाणी न पाजता, सावध झाल्यावर सोडून द्यावे. नवरंगही याच सुमारास दाखल होतो आणि पहाटे-संध्याकाळी त्याची दुहेरी शीळ कानी पडते. पाऊस लागून माती भिजली की खंड्या वहाळाच्या दरडीत बीळ कोरतो. सुगरणींचे विणकामही पावसावरच चालते. सालिम अली यांनी १९३० साली अलिबागजवळच्या किहीमला राहून त्यांच्या घरट्यांचा जो अभ्यास केला, त्यातून एक नर अनेक अर्धी घरटी बांधतो, मादी पाहणी करून एखादे पसंत करते आणि मग तो पुढच्या घरट्याकडे वळतो, हे उलगडले. घराजवळच्या नेहमीच्या पक्ष्याकडे रोज नीट पाहून एवढे हाती आले.

तेव्हा पुढच्या वेळी मे महिन्यात आलात, तर माझ्याबरोबर रानात येण्याचा आग्रह धरण्यापेक्षा परसातला बुलबुल किंवा माडावरचा कावळा चोचीत काय नेतो ते पाहा. काडी की अळी, कोणत्या तारखेला, किती वाजता आणि पक्षी एक होता की दोन, एवढे वहीत लिहून मला द्या. झाड कोणते ते लिहिले तरी चालेल. परस तुमचेच आहे.