डी-डायमरच्या आकड्याआधी एकक बघा

२०२१च्या कोविड लाटेत डी-डायमर या गुठळीची शंका तपासणाऱ्या रक्ततपासणीचे रिपोर्ट व्हॉट्सअॅपवर फिरत होते, आणि फोटोत बहुतेकदा आकडा असायचा, एकक नसायचं. घोळ तिथेच होतो. काही लॅब एफईयूमध्ये (फायब्रिनोजेनच्या वजनाशी जुळवलेलं एकक) निकाल देतात, काही डीडीयूमध्ये (थेट डी-डायमरचं एकक); एकाच रक्ताचा एफईयूमधला आकडा साधारण दुप्पट येतो. शिवाय प्रति मिली ५०० नॅनोग्रॅम आणि ०.५ मायक्रोग्रॅम एकच. त्यामुळे चढउतार बघायचा असेल तर लॅब बदलू नका.

गुठळी धरून ठेवणारी फायब्रिन या प्रथिनाची जाळी तयार होऊन प्लाझ्मिन या एन्झाइमने ती तोडली, की उरतो तो तुकडा म्हणजे डी-डायमर. संसर्ग, गरोदरपण, शस्त्रक्रिया, वाढतं वय, सगळ्यांत तो चढतो. म्हणून नुसत्या वाढीवरून गुठळी ठरत नाही. पाय सुजला असेल तर डॉपलर (शिरांतला रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी), अचानक दम लागला तर फुफ्फुसांची सीटी अँजिओग्राफी, हेच खरं उत्तर देतं.

माझ्या मते फायब्रिनोजेनकडे, म्हणजे ज्यापासून फायब्रिन बनतं त्या प्रथिनाकडे, फार दुर्लक्ष होतं. कोविडमध्ये यकृत ते जोरात बनवतं, त्यामुळे सुरुवातीला ते ४०० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या वर जातं आणि प्लेटलेट, पीटी (रक्त गोठायला लागणारा वेळ) जवळपास ठीक असतात. अशा रुग्णाचं फायब्रिनोजेन ६०० वरून २५० वर आलं, तर रिपोर्टवर ‘नॉर्मल’ छापून येईल. पण सोबत प्लेटलेट उतरत असतील आणि पीटी लांबत असेल, तर गोठण्याचे घटक संपत चालले आहेत, म्हणजे डीआयसीची (शरीरभर बारीक गुठळ्या होऊन गोठण्याचे घटक संपण्याची अवस्था) शंका घ्यायलाच हवी.

नमुनाही नीट हवा. निळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये कॅल्शियम बांधून रक्त गोठू न देणारं ३.२ टक्के सायट्रेट असतं, ०.३ मिली सायट्रेटला २.७ मिली रक्त. ट्यूब अर्धवट भरली तर जास्तीचं सायट्रेट तपासणीत घातलेलं कॅल्शियम बांधून ठेवतं आणि पीटी आणि एपीटीटी (गोठण्याच्या वेळेची दुसरी तपासणी) खोटेच लांबतात. डेंग्यूत प्लाझ्मा (रक्तातला द्रव भाग) गळून हिमॅटोक्रिट (रक्तातलं लाल पेशींचं प्रमाण) ५५ टक्क्यांवर गेलं तर ट्यूब पूर्ण भरूनही तेच होतं, कारण प्लाझ्माच कमी असतो. तेव्हा सायट्रेट कमी करून घ्यावं लागतं. ट्यूबमध्ये बारीक गुठळी दिसली तर नमुना फेकून नवा घ्या.

आता जनुकं. फॅक्टर फाइव्ह लायडन आणि प्रोथ्रॉम्बिन २०२१० हे गुठळीचा धोका वाढवणारे जन्मजात बदल डीएनएवर तपासले तर तापाने किंवा हेपरिन या रक्त पातळ ठेवणाऱ्या इंजेक्शनने निकाल बदलत नाही. युरोपीय वंशाच्या लोकांत लायडन साधारण ५ टक्क्यांत आढळतो, भारतात तो विरळा. शिवाय तापात हेपरिनचा डोस ठरतो तो वजन, किडनी, प्लेटलेट आणि रक्तस्रावाचा धोका बघून. या जनुकीय रिपोर्टची तिथे क्वचितच गरज पडते.

प्रोटीन सी, प्रोटीन एस आणि अँटिथ्रॉम्बिन ही गुठळ्या रोखणारी शरीरातली प्रथिनं तर आजारपणात तपासूच नयेत. तेव्हा ती तशीही खाली येतात आणि धडधाकट माणसाच्या नावावर जन्मजात दोष चिकटतो. ल्युपस अँटिकोअॅग्युलंट (गुठळीचा धोका वाढवणारी अँटिबॉडी) पॉझिटिव्ह आला तर किमान १२ आठवड्यांनी पुन्हा बघायचा. कुटुंबात पन्नाशीच्या आत गुठळ्या झाल्या असतील तर आजार ओसरल्यावर सुमारे ३ महिन्यांनी तपासणीचं बोला. वॉरफरिन ही रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू असताना प्रोटीन सी आणि एस कमीच दिसतात, पण तपासणीसाठी ती गोळी स्वतःहून थांबवू नका; ते डॉक्टरांनाच ठरवू द्या.