काकांची फील्ड टेस्ट

फील्ड टेस्टच्या, म्हणजे नजर आजूबाजूला किती पसरते ते मोजणाऱ्या तपासणीच्या, अंधाऱ्या खोलीतून काकांची हाक आली, "मॅडम, तुमचं मशीन बिघडलंय. दिवे लागतच नाहीत."

मशीन व्यवस्थित होतं. पांढऱ्या गोलाकार पडद्यावर ठिपके उमटत होते; उजव्या डोळ्याला वरच्या बाजूचे बरेचसे दिसतच नव्हते, म्हणून हातातलं बटण दाबलं जात नव्हतं.

काका आले होते जवळच्या चष्म्यासाठी. पंचावन्नच्या आसपासचे, टेम्पो चालवणारे. दोन्ही डोळ्यांनी शेवटची ओळ घडाघडा वाचली, ६/६. नंबर लिहून दिला की काम संपलं असतं. पण चाळिशीपुढच्या कुणालाही डोळ्याची नस बघितल्याशिवाय मी सोडत नाही. उजव्या नसेच्या तोंडाशी असलेला खळगा त्या तोंडाच्या ०.८ पट रुंदीपर्यंत वाढलेला, खालची कड जेमतेम उरलेली. डोळ्यातलं प्रेशर, म्हणजे दाब, २८ आणि २६. साधारण २१ पर्यंत ठीक समजतात. गोनिओस्कोपीत, म्हणजे पाणी निचरतं तो कोन भिंगातून बघितल्यावर, कोन उघडा. म्हणजे ओपन अँगल काचबिंदू. मोरीची जाळी आतून तुंबावी तसं होतं. डोळ्यातलं पाणी नीट निचरत नाही, दाब वाढतो आणि नस झिजत जाते. दुखत नाही, डोळा लाल होत नाही.

रिपोर्टवरची काळी कमान पाहून काकांनी विचारलं, "ऑपरेशन केलं की दिसेल ना? भावाला मोतीबिंदूनंतर दिसायला लागलं."

या प्रश्नाचं उत्तर देणं मला आजही जड जातं. गेलेलं परत येत नाही, उरलेलं टिकवायचं, एवढंच सांगितलं.

खिशात दम्याचा पंप, म्हणजे दम्यात न चालणारे टिमोलॉलचे थेंब बाद. लॅटानोप्रोस्टचे थेंब चालले असते, पण रोज रात्री, तेही जन्मभर, आणि हा माणूस निम्म्या रात्री गाडीवर. २०१९ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात लंडनच्या मूरफिल्ड्स या डोळ्यांच्या रुग्णालयाची 'लाइट' नावाची ट्रायल आली. थेंबांऐवजी आधी एसएलटी, म्हणजे पाण्याचा निचरा सुधारणारं लेझर, केलेल्यांपैकी जवळपास ७४ टक्के रुग्णांचा दाब तीन वर्षांनंतरही थेंबांशिवाय आटोक्यात होता. फार पुढे गेलेले रुग्ण त्यात नव्हते, पण काकांचं नुकसान तेवढं नव्हतं. लेझर केलं. त्याचा परिणाम पुढे ओसरू शकतो, त्यामुळे तपासणी चुकवायची नाही, हे त्यांच्या बायकोलाही बजावलं.

काचबिंदू घरात चालतो, म्हणून भावंडांना बोलावलं. भावाचं सगळं ठीक निघालं. बहिणीचं प्रेशर २६, पण नस शाबूत, फील्डही पूर्ण. तिला दमा नाही. थेंब सुरू केले.