पूरियात डोकावलेला मारवा

संगीतातल्या एम. ए.च्या मंचप्रदर्शनाच्या परीक्षेसाठी मी पूरिया हा राग निवडला होता. रागात पंचम (प) वर्ज्य, म्हणजे घ्यायचाच नसल्याने, तानपुऱ्याची पहिली तार निषादाला (नी) लावली आणि जवारीचा, म्हणजे तारेखाली घोडीवर असणारा, दोरा केसभर सरकवताच ती बोलू लागली. मात्र विलंबित (संथ लयीतल्या) एकतालाच्या दुसऱ्याच आवर्तनात, मंद्र म्हणजे खालच्या सप्तकातल्या निषादावर न्यास करण्याऐवजी, म्हणजे विसावण्याऐवजी, मी धैवतावर (ध) रेंगाळले आणि पूरियात मारवा हा दुसरा राग डोकावला. दोन्ही रागांचे स्वर तेच. पूरियाचा जीव गंधार-निषादात (ग-नी), तर मारव्याचा रिषभ-धैवतात (रे-ध), हे लेखी परीक्षेत मी अचूक लिहिले होते. पुढची दोन वर्षे, गुरूंसमोर बसून, मी रोज पहाटे केवळ मंद्र सप्तकातला तो निषाद घोटला, आणि आजही पूरिया गाण्यापूर्वी आधी तोच लावून पाहते.