कानावरचं ते वळण

बाबांचे केस मी कापायला लागले त्याला आता दोन वर्षं होतील. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर जिना उतरणं त्यांना जमेना, आणि केस कानावर आले की त्यांची चिडचिड सुरू होते. "तूच काप की. एवढं काय असतं त्यात?" पहिल्यांदा कापल्यावर आरशात बघून "छान" म्हणाले आणि पुढचे पंधरा दिवस घरातसुद्धा टोपी घालून बसले.

तर त्यात काय असतं, ते सांगते.

बाबांचा कट अगदी साधा. डावीकडे भांग, बाजूंना आणि मागे बारीक, वर कंगवा फिरेल एवढे केस. दिसायला इतकं सोपं, की कोणालाही वाटावं आपण सहज करू. पण लांब केसांत चूक दडते. सेंटिमीटरभर केसांत दोन-तीन मिलिमीटर इकडचे तिकडे झाले, तर लांबूनही पायरी दिसते.

पहिल्या वेळी मी सगळा भार मशीनवर टाकला होता. तीन नंबरचा गार्ड, म्हणजे केस किती लांब ठेवायचे ते ठरवणारा पात्यावरचा प्लास्टिकचा कंगवा, लावला (तीन नंबर म्हणजे साधारण दहा मिलिमीटर) आणि कानापासून थेट वर चढवत नेलं. घोळ तिथेच झाला. कानाच्या वर थोड्या अंतरापर्यंत डोकं जवळजवळ उभं असतं, मग टाळूकडे वळतं. कंगवा डोक्याला सपाट टेकवून वर सरकवा. त्याचं वरचं टोक जिथे डोक्यापासून सुटतं, तिथे ते वळण सुरू होतं. मशीन त्यावरून पलीकडे गेलं की बाजू आणि वरचे केस यांना जोडणारं मध्ये काही उरतच नाही. वाटी पालथी घालून कापल्यासारखं दिसतं. बाबा तसेच दिसत होते.

आता मी मानेपाशी दोन नंबर (सहा मिलिमीटर) लावते, त्याच्या वर तीन, आणि वळणाच्या दोन बोटं खाली मशीन थांबवते. थांबवताना ते डोक्याच्या आकाराबरोबर वळू द्यायचं नाही, हळूच बाहेरच्या बाजूला काढून घ्यायचं. मग कात्री आणि कंगवा. सगळा कट खरं तर त्या दोन बोटांच्या पट्ट्यात आहे. कंगवा खालून वर सरकत राहतो आणि दातांतून बाहेर आलेले केस कापायचे. कात्रीचं एक पातं कंगव्यालगत स्थिर, हलतो तो फक्त अंगठा. हे लिहायला एक ओळ लागली, जमायला मला तीन महिने लागले. सगळा पंजाच हलायचा, कात्रीचं टोक आत घुसायचं आणि उंदराने कुरतडल्यासारखे खड्डे पडायचे. शेवटी रोज टीव्हीसमोर बसून हवेत कात्री चालवली. आई म्हणायची, "बाई, निदान सिरियल तरी ऐकू दे." दुसरी गोष्ट, कंगवा मध्येच थांबवायचा नाही. तो थांबला की तिथे रेघ पडलीच म्हणून समजा.

वरचे केस मी ओले करून कापते. ओला केस ताणला जातो, वाळला की आखडतो, म्हणून हवे त्यापेक्षा थोडे लांबच ठेवायचे. पुढे मधोमध एक बट बोटांत सरळ वर धरून कापते आणि तेच माप मागे नेते. प्रत्येक नव्या बटेत आधीच्या बटेतले थोडे केस घेतले की माप चुकत नाही. भोवऱ्यापाशी मात्र हात आखडता. तिथे केस आखूड झाले की अँटेनासारखे उभे राहतात. जरा लांब असले की स्वतःच्या वजनाने बसतात.

कल्ले कानावरून मोजू नयेत. बाबांचा उजवा कान डाव्यापेक्षा किंचित खाली आहे, हे मला चाळिशीत कळलं. दोन्ही कल्ल्यांच्या खालच्या टोकांवर एकेक बोट ठेवायचं आणि समोर आरशात बघायचं.

एकदा कानामागे गार्डच निसटला. उघडं मशीन जेमतेम मिलिमीटरभर केस ठेवतं. रुपयाएवढा चट्टा पडला. केस महिन्याला साधारण सेंटिमीटरभर वाढतात, त्यामुळे तीन आठवडे टोपी पुन्हा बाहेर आली. तेव्हापासून दर वेळी गार्ड लावला की तो आधी ओढून बघते.

भांग पाडायचा तो ओल्या केसांत. केस भिजला की त्याचा आकार धरून ठेवणारे आतले हायड्रोजन बंध सुटतात आणि वाळताना केस जसा असेल तसे पुन्हा जुळतात. म्हणून वाळल्यावर कितीही कंगवा घासला तरी ऐकत नाही, आणि ओला बसवला तर दिवसभर राहतो. जेलचं मी सोडून दिलं. विरळ केसांच्या त्याने चिकटून बटा होतात आणि मधून टाळू दिसते. चमक नसलेलं वॅक्स, वाटाण्याहून कमी, तळहातांवर पूर्ण चोळून आधी मागे आणि उरलेलं पुढे. पुढून सुरुवात केली तर सगळा गोळा कपाळावरच बसतो.

शेवटची तपासणी बाबांची. आरसा ते घेतच नाहीत. मानेवरून उलटा हात फिरवतात, खालून वर, डोळे मिटून. गेल्या रविवारी दोनदा फिरवला आणि म्हणाले, "डावीकडे राहिलंय."

"काही नाही राहिलेलं बाबा, आत्ताच बघितलं मी."

"बघू नकोस. हात फिरव."

फिरवला. कानाच्या मागे, अगदी कडेला, चार केस होते.