आमच्या जखमी कॉइल्स

मी इंदूरजवळच्या पिथमपूरला ज्या छोट्या कारखान्यात आहे तिथे ट्रान्सफॉर्मरच्या कॉइल्स बनतात, आणि बाहेरच्या पार्ट्यांना मेल लिहायचं काम माझ्या गळ्यात आहे, कारण काय तर माझं इंग्लिश त्यातल्या त्यात बरं. तर काही वर्षांपूर्वी मी एका मेलमध्ये ऐटीत लिहिलं, ऑल कॉइल्स आर वूंडेड ॲज पर ड्रॉइंग. तिकडून उत्तर आलं, सॉरी टु हिअर, होप दे रिकव्हर सून. मी दोनदा वाचलं, मग डिक्शनरी उघडली आणि मग टेबलाखाली जाऊन बसावंसं वाटलं. वाइंड म्हणजे गुंडाळणे, त्याचा भूतकाळ वाउंड, आणि अगदी त्याच स्पेलिंगचा वूंड म्हणजे जखम. वर परत वाइंडचं स्पेलिंगही वाऱ्याच्या विंडचंच. एवढी अक्षरं पडलीत त्या भाषेत, दोन शब्दांना वेगळी वाटून द्यायला काय जात होतं!

खरं तर वाइंडिंग हा शब्द आपल्याकडे कोणाला माहीत नाही? पंखा जळाला, बोअरची मोटर बसली की वाइंडिंग गेली म्हणतात, मग तो दुकानदार जळकी तार उपसून काढतो आणि नवीन तांब्याची तार वेढे मोजत भरतो. मीटिंगमध्ये साहेब म्हणतात चला वाइंड अप करा, म्हणजे आवरा. कंपनी वाइंड अप झाली म्हणजे मात्र कायमचं शटर खाली. आणि एखादा ब्रिटिश माणूस म्हणाला की यू आर वाइंडिंग मी अप, तर तो म्हणतोय की तू माझी फिरकी घेतोयस. फिरकी! हे मला फार आवडलं, त्यांनीही तिथे गोल फिरणारीच वस्तू धरली.

हे सगळं परत डोक्यात यायचं कारण म्हणजे माझी मुलगी. सातवीत आहे, शाळेत ट्विस्ट, कॉइल, ट्वर्ल, स्वर्ल, रिंग वगैरे शब्दांचे अर्थ लिहून आणायला सांगितले होते. तिने मोबाइलवर बघितलं तर सगळ्यांना आलटून पालटून तेच, फिरणे, वळणे, पिळणे, गुंडाळणे. आई तिथेच पाटावर बसून वाती वळत होती, चातुर्मासात लक्षवातीचा नेम धरलाय तिने. म्हणाली, काय करून राहिली गं, बोल की मोठ्याने. (आमचं इंदूरचं मराठी असंच आहे, पुण्याचे पाहुणे हसतात, हसू देत.)

मग मी म्हटलं की डिक्शनरी ठेव बाजूला, हातांनी करून बघू. ओलं फडकं दिलं तिला. दोन टोकं धरून उलट सुलट फिरवलं, हा ट्विस्ट. आता पाणी निघेपर्यंत पिळ, हा रिंग, अंगठीचा नव्हे, डब्ल्यूने सुरू होणारा, पण तो डब्ल्यू गप्प बसतो. ट्विस्टमध्ये टू लपलाय, म्हणजे दोन, मुळात दोन पदर एकमेकांत घालून केलेली दोरी, ट्विन आणि ट्वाइन ही त्याच घरातली भावंडं. मांजा चरखीवर जातो तो वाइंड, कारण तिथे दुसऱ्या कशाभोवती तरी गुंडाळणं आहे. आणि साप स्वतःवरच बसतो ते वेटोळं म्हणजे कॉइल. सायक्लोन हा शब्दही त्या वेटोळ्यातूनच आला, आणि तोही आपल्याकडे, कलकत्त्यात. हेन्री पिडिंग्टन नावाच्या माणसाने १८४८ मध्ये सापाच्या वेटोळ्यासाठीच्या ग्रीक शब्दावरून तो पाडला. डास पळवायची कॉइल तर रोजचीच. ती आधी जपानमध्ये सरळ उदबत्तीसारखी होती, पाऊण तासात संपायची. ती गोल करायची युक्ती १८९५ च्या सुमाराला बनवणाऱ्याच्या बायकोने सुचवली, म्हणजे तेवढ्याच जागेत लांबी वाढली आणि रात्र निघाली.

ट्वर्ल जरा नखरेल आहे, मिशीला पीळ देणं किंवा घागऱ्याची गिरकी. स्वर्ल पातळ पदार्थाचा, कपात तळाला राहिलेला चहा आपण गोल हलवतो तो. स्पिन म्हणजे स्वतःभोवती फिरणं, भोवऱ्यासारखं, पण मूळचं ते सूत कातणं. स्पायडर त्यातूनच आला, आणि स्पिन्स्टर म्हणजे आधी सूत कातणारी बाई, लग्न न झालेली वगैरे लोकांनी नंतर चिकटवलं.

स्पिनवरून क्रिकेट निघणारच होतं, होळकरांच्या गावात राहतो आम्ही. इथेही लोक स्पिन आणि टर्न एकच समजतात पण तसं नाही, स्पिन बोलर देतो बोटांनी आणि मनगटाने, टर्न पिच देतं टप्पा पडल्यावर. लेगस्पिनर नरेंद्र हिरवाणींनी १९८८ मध्ये मद्रासला वेस्ट इंडिजविरुद्ध पहिल्याच टेस्टमध्ये १६ विकेट काढल्या त्यात दोन्ही होतं. २०२३ ला आपल्या इंदूरला ऑस्ट्रेलियाची टेस्ट झाली तेव्हा पहिल्याच सकाळी बॉल असा काही वळायला लागला की तिसऱ्या दिवशी लंचच्या आत खेळ खलास, आणि जिंकले ते! माझं चौथ्या दिवसाचं तिकीट होतं.

वळणदार रस्ता म्हणजे वाइंडिंग रोड, परत तोच वाइंड, जाम गेटचा घाट उतरताना पोटात कळतो तो शब्द. स्पायरल त्याहून वेगळं. अकोला-खंडवा मीटरगेजवर धुळघाटला गाडी डोंगराला पूर्ण वळसा घालून आपल्याच खालच्या रुळांच्या डोक्यावरून पुढे जायची. आजोळी जाताना आम्ही खिडकीतून मुंडकी काढून मगाशी गेलो तो रूळ खाली शोधायचो आणि आई मागून शर्ट धरून बसायची.

ते रिंगमधलं डब्ल्यू-आर मात्र मला सोडेना म्हणून रात्री बसून बघितलं. रिस्ट म्हणजे मनगट, फिरणारा सांधा. रेंच म्हणजे पाना, आणि हिसडा देऊन पिरगाळणंही. रिगल म्हणजे वळवळणं, राइद म्हणजे वेदनेने पिळवटणं, रीद म्हणजे गुंफलेलं फुलांचं चक्र. सगळ्यांच्या पुढे तो मुका डब्ल्यू आणि सगळ्यांच्या पोटात पीळ. आणि रॉन्ग! चूक या अर्थाच्या रॉन्गचा मूळ अर्थ पिळलेला, वाकडा. म्हणजे आपण वाकडं पाऊल म्हणतो तसंच.

पण इंग्लिश सगळीकडे श्रीमंत आहे असं नाही. पोळी लाटली तरी रोल, लाडू वळला तरी रोल, चटई गुंडाळली, पोरगं गादीवर लोळलं, सगळं रोल. करंजीच्या मुरडीला त्यांच्याकडे काय म्हणणार? मुलांना वळण लावतात, अक्षर वळणदार असतं, सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, हे त्यांना समजावत बसलो तर कॉइल्सची डिलिव्हरी राहील.

सकाळी मी आईच्या समोर बसलो. ती चिमूटभर कापूस घेते, बोटांनी हलकेच लांबवते, दुधाचं बोट लावते आणि दोन्ही तळहातांमध्ये एकदाच पुढे सरकवते, की झाली वात. मी करायला गेलो तर मध्ये गाठ आणि दोन्हीकडे शेपट्या. म्हणाली, दाबतोस कशाला, वळायची असते ती. तेव्हा तिला सांगितलं की वात हा शब्दच वळण्यातून आलाय, संस्कृत वर्ति, धातू वृत्, म्हणजे फिरणं. वर्तुळ, आवर्तन त्यातलेच, आणि घराचं वाटोळं केलं म्हणतो त्यातलं वाटोळंसुद्धा मुळात वर्तुळच. लॅटिनमधल्या चुलत घराण्यातून इंग्लिशमध्ये रिव्हर्स आला, व्हर्टिगो आला. आणि टॉर्च, जो आपण सेल घालून वापरतो, तोही पिळण्याच्या लॅटिन शब्दावरून, कारण आधी टॉर्च म्हणजे पीळ दिलेल्या तंतूंची मेणात बुडवलेली मशाल. पिथमपूरला दिवसभर ऐकू येणारा टॉर्क हा शब्द, म्हणजे गोल फिरवणारा जोर, तोही तिथलाच.

आईने हातातली वात डब्यात ठेवली. म्हणाली, म्हणजे तेही वातीच वळत होते म्हण की. आणि तो पंखा बंद कर आधी, मघापासून कापूस उडून राहिलाय.