शरदातली सायकल: सिंहगडाच्या चढापासून पाचगणीपर्यंत

घटस्थापनेच्या आदल्या दिवशी मी पुण्यातल्या एका ओळखीच्या सायकलस्वाराकडून क्रोमोली (क्रोमियम-मॉलिब्डेनम मिश्रित) पोलादाची जुनी फ्रेम विकत घेतली आणि दसऱ्यापर्यंत तिची चालती सायकल करायची असे ठरवले. त्या सायकलीवर दिवाळीआधी सिंहगडाची चढाईची शर्यत आणि नोव्हेंबरच्या मध्यावर पुणे–पाचगणी–पुणे ही 200 किलोमीटरची ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळेत करायची लांब पल्ल्याची सायकलफेरी, पूर्ण करायची होती. तिन्ही गोष्टी झाल्या. मात्र फ्रेम जुळवताना मी घेतलेला एक निर्णय चुकला होता, हे मला शर्यतीच्या दिवशी कळले. जुन्या फ्रेमवर घाटासाठी सायकल बांधू पाहणाऱ्याला तोच भाग सर्वांत उपयोगी पडेल, म्हणून हा वृत्तांत सविस्तर लिहीत आहे.

फ्रेम घेताना रंगापेक्षा मोजमापे पाहावीत. माझ्या फ्रेममध्ये मागचे चाक बसते त्या दोन टोकांमधले अंतर 130 मिमी होते, त्यामुळे रोड सायकलीचा आठ ते अकरा गिअरांचा हब (चाकाचा मधला भाग) तिच्यात सरळ बसला. याहून जुन्या फ्रेममध्ये हे अंतर 126 मिमी असते. पोलाद थोडे फाकवता येते, पण ते काम जाणत्या माणसाकडूनच करून घ्यावे. इंग्लिश आट्यांच्या फ्रेममध्ये बीबीचा (बॉटम ब्रॅकेट, म्हणजे दोन पॅडलांच्या मधला फिरत्या आसाचा भाग) उजवा कप उलट्या आट्यांचा असतो आणि तो सोडवण्यासाठी पाना घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवावा लागतो, एवढे लक्षात ठेवले तरी अनेक जुन्या फ्रेमचे आटे वाचतील. ब्रेकच्या बाबतीतही मोजूनच खरेदी करावी. 28 मिमीचे टायर आणि त्यावर मडगार्ड बसवायचे असेल, तर नेहमीचे आखूड ब्रेक पुरत नाहीत, 47 ते 57 मिमी पोहोच (बोल्टपासून ब्रेकच्या रबरापर्यंतचे अंतर) असलेले लांब ब्रेक लागतात.

चाके स्वतः विणण्याचा माझा आग्रह होता. पेठेत गेली कित्येक वर्षे सायकली दुरुस्त करणाऱ्या एका काकांनी मला त्यांच्या दुकानाच्या पायरीवर बसून काम करू दिले. बत्तीस तारा, प्रत्येक तार तीन तारांना छेदून जाणारी, अशी साधी वीण मी निवडली. पहिले चाक सरळ फिरायला लागल्यावर मला फार आनंद झाला. काकांनी मात्र बोटाने तारा छेडल्या आणि म्हणाले, “ताई, आऊट (चाकाचा वाकडेपणा) निघालाय, पण आवाज ऐका. उजवी बाजू आणि डावी बाजू वेगळी वाजणारच, पण एका बाजूच्या सगळ्या तारा सारख्याच वाजल्या पाहिजेत.” मागच्या चाकात कॅसेटच्या (मागच्या दातेरी चकत्यांच्या संचाच्या), म्हणजे उजव्या बाजूच्या तारा जास्त ताणलेल्या आणि डाव्या बाजूच्या त्या मानाने सैल राहतात. त्या सैल बाजूकडे माझे दुर्लक्ष झाले होते. मी त्या दिवशी ताण बराच सारखा केला, पण तारा जोडीजोडीने हाताने घट्ट दाबून बसवून घेण्याची पायरी घाईत राहून गेली.

खंडेनवमीला पाने, तारांची चावी आणि चेन तोडायचे हत्यार यांच्याशेजारी मी अर्धवट सायकलही पूजेत ठेवली. दसऱ्याला झेंडूची माळ घालून तिच्यावरून पहिली फेरी मारली.

कोजागरीच्या रात्री दिव्यांची चाचणी घ्यावी म्हणून मी खडकवासल्याच्या बाजूला गेले, आणि परतताना मागच्या चाकातून टिक-टिक असा आवाज येऊ लागला. डावीकडच्या चार तारा हाताने हलवता येतील इतक्या सैल झाल्या होत्या. मी रस्त्याच्या कडेला थांबून त्या आवळल्या आणि दुसऱ्या दिवशी संपूर्ण चाक पुन्हा ताणले. नवीन विणलेले चाक पहिल्या शंभर किलोमीटरनंतर पुन्हा तपासावे, आणि हे शंभर किलोमीटर घराजवळच चालवावेत, असे मी आग्रहाने सांगेन. हीच तार घाटाच्या उतारावर सैल झाली असती तर काय झाले असते, याचा विचार मला नंतर बरेच दिवस सोडत नव्हता.

दिवाळीच्या आधीच्या रविवारी सिंहगडाची शर्यत झाली. स्थानिक क्लबने घेतलेली, एकेक मिनिटाच्या अंतराने एकेकाला सोडण्याची ही शर्यत पायथ्यापासून वरच्या वाहनतळापर्यंत, म्हणजे सुमारे नऊ किलोमीटरची होती. मी जुन्या फ्रेमला शोभेल म्हणून पुढे 52 आणि 39 दात्यांचा क्रँक (पॅडलचे दांडे आणि पुढच्या चकत्या) बसवला होता, मागे 11 ते 28 ची कॅसेट. हाच तो चुकलेला निर्णय. सर्वांत हलक्या गिअरवरही, म्हणजे 39 ला 28 वर, मिनिटाला पॅडलच्या साठ फेऱ्या टिकवायच्या असतील तर ताशी पावणेअकरा किलोमीटरच्या आसपास वेग लागतो, आणि सिंहगडाच्या तीव्र वळणांवर तेवढी ताकद माझ्यात नव्हती. फेऱ्या चाळिसावर आल्या, गुडघे दुखू लागले आणि शेवटच्या तीन किलोमीटरांतल्या एका वळणावर मला पाय टेकावा लागला. एक तास बारा मिनिटांनी मी वर पोहोचले. शर्यतीतला क्रमांक मला महत्त्वाचा वाटत नाही, पण पाय टेकावा लागला याचे दुःख खरोखर झाले, कारण दम शिल्लक असताना केवळ यंत्राच्या निवडीमुळे मी थांबले होते.

सिंहगडावर सरावासाठी जाणाऱ्यांनी, विशेषतः सुटीच्या दिवशी, उजाडतानाच चढाई सुरू करावी, कारण त्यानंतर गाड्यांची रांग लागते आणि अरुंद वळणांवर सायकलीला कडच उरत नाही. पावसाळ्यानंतर काही आठवडे वळणांच्या आतल्या बाजूला वाहून आलेली खडी पडलेली असते. चढताना ती त्रास देत नाही, पण उतरताना तिच्यावरून चाक घसरते.

शर्यतीनंतर मी सायकलीचा पुढचा भाग बदलला. 39 ऐवजी 34 दात्यांची चकती लावली की काम होईल असे मला वाटले होते, पण माझ्या क्रँकचे बोल्ट 130 मिमी व्यासाच्या वर्तुळावर होते आणि त्या मापाला 38 पेक्षा लहान चकती बसत नाही. म्हणून 110 मिमी मापाचा 50–34 चा पूर्ण क्रँक, त्याला जुळणारा बीबी, 11–34 ची कॅसेट आणि एवढे मोठे दाते पेलणारा लांब पिंजऱ्याचा मागचा डिरेलर (गिअर बदलताना चेन सरकवणारा भाग) असे सगळेच घ्यावे लागले. सुरुवातीलाच हा संच घेतला असता तर एका क्रँकचे पैसे वाचले असते. नवी चेन पुढच्या मोठ्या चकतीवरून मागच्या सर्वांत मोठ्या चकतीवर, डिरेलर वगळून, फिरवून घ्यावी आणि तिच्यात दोन कड्या वाढवून तोडावी. आखूड चेन चुकून त्या गिअरवर गेली तर डिरेलर उपटून निघू शकतो. 34 ला 34 वर साठ फेऱ्यांना वेग येतो ताशी सुमारे 7.7 किलोमीटर, आणि घाटात माझ्यासारखीला हवा असतो तो नेमका हाच.

ब्रेव्हे ही शर्यत नसते. पॅरिसच्या ऑडॅक्स क्लबच्या नियमांनुसार 200 किलोमीटर साडेतेरा तासांत पूर्ण करायचे असतात आणि त्यात क्रमांक दिला जात नाही. पण वाटेतल्या तपासणी ठिकाणांनाही बंद होण्याची वेळ असते आणि ती ताशी 15 किलोमीटरच्या हिशेबाने येते, हे नवशिक्यांच्या लक्षात राहत नाही. पाचगणी शंभराव्या किलोमीटरवर असल्यामुळे सकाळी सहाला निघालेल्याने तिथे 12 वाजून 40 मिनिटांच्या आत पोहोचले पाहिजे. बहुतेक चढ जाताना आणि वेळेची कात्रीही जाताना, अशी या मार्गाची रचना आहे.

कात्रजच्या जुन्या घाटाने आम्ही निघालो. शिरवळला साडेआठ वाजता पोहे आणि चहा घेतला, खंबाटकी घाट साडेनऊच्या आत चढला आणि सुरूर फाट्यावरून वाईला 10 वाजून 35 मिनिटांनी पोहोचले. वाईत पाण्याच्या दोन्ही बाटल्या भरून एकीत मीठ-साखर घालावी, कारण पसरणी घाट दुपारच्या उन्हात चढावा लागतो आणि शरदाचे ऊन पावसाळ्यानंतर अंगाला सवय नसल्यामुळे फार लागते. वाई ते पाचगणी हे अंतर साधारण बारा किलोमीटर असून पाचगणीची उंची 1,300 मीटरच्या जवळपास आहे. चढ सिंहगडाइतका तीव्र नाही, पण तो मध्ये कुठे सुटत नाही. मी अकराला निघाले आणि पहिल्या वळणापासून सर्वांत हलका गिअर लावून बसले. खाली धोम धरणाचे पाणी आणि कृष्णेचे खोरे दिसत होते, दरडीवर सोनकीची उरलीसुरली पिवळी फुले होती, आणि महिनाभरापूर्वी दुखलेले गुडघे या वेळी शांत होते. 12 वाजून 35 मिनिटांनी माझ्या कार्डावर शिक्का पडला. पाच मिनिटे शिल्लक होती. जुना क्रँक असता तर ती उरली नसती, याची मला खात्री आहे.

उतरताना दोन्ही ब्रेक सतत दाबून धरू नयेत, कारण रिम तापते. वळणाआधी वेग कमी करावा आणि वळणात ब्रेक सोडावा. परतीच्या वाटेवर खंबाटकीचा घाट लागत नाही, जुन्या बोगद्यातून यावे लागते, म्हणून दिवसाउजेडीही पुढचा-मागचा दिवा लावून आणि शक्यतो तीन-चार जणांनी मिळून बोगदा पार करावा. त्यापुढच्या उतारावरची वळणे अवजड वाहनांमुळे धोक्याची आहेत, तिथे वेगाचा मोह टाळावा. याच दिवसांत उसाचे गाळप सुरू होत असल्यामुळे वाई परिसरात मागे दिवा नसलेल्या ट्रॉल्या रस्त्यावर असतात आणि संध्याकाळी त्या अगदी जवळ आल्यावरच दिसतात.

नोव्हेंबरच्या मध्यावर सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, त्यामुळे कात्रजचा परतीचा चढ मला अंधारातच करावा लागला. परावर्तक जाकीट नियमाप्रमाणे अंगात असावेच लागते, पण घोट्यांना परावर्तक पट्टी बांधली तर हलणारे पाय मागच्या चालकाला लवकर दिसतात, असा माझा अनुभव आहे. 7 वाजून 2 मिनिटांनी मी कार्ड जमा केले. दुसऱ्या दिवशी सकाळी मागचे चाक काढून काकांनी शिकवल्याप्रमाणे डाव्या बाजूच्या सोळाही तारा एकेक करून छेडल्या, तेव्हा सगळ्यांचा आवाज सारखाच आला.